सायकलच्या मागची गाडी: घरच्यांनी लिहायचे अनुभव

सायकलवर लांबचा पल्ला मारणाऱ्यांचे फोटो, किलोमीटर, मेडल सगळं वाचायला मिळतं. पण त्यांच्या मागं गाडी घेऊन निघालेली बायको, आई, भाऊ, पोरं काय काय करतात ते कुणी लिहीत नाही, आणि निम्मं काम तर तिथंच असतं. म्हणून हा धागा काढलाय. तुम्ही कुणाच्या मागं गाडी घेऊन गेला असाल, एका दिवसासाठी का होईना, तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही साताऱ्याचे. ह्यांनी सातारा ते कन्याकुमारी सायकल करायचं मनावर घेतलं तेव्हा मी म्हटलं एकट्यानं जायचं नाही, घरच सोबत नेऊ. १४०० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बंगळूर आणि तिथून सेलम, मदुराईवरनं खाली. दिरांची मोठी गाडी घेतली, मागच्या सीट आडव्या पाडून वर प्लायवूड, त्यावर गाद्या, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे, पाच किलोचा गॅस, पाण्याचे जार. वेल्डिंग वगैरे काही केलं नाही, कारण गाडीत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी काढून आरसी बुकावर चढवावं लागतं. सगळं सुटं ठेवलं की आल्यावर गाडी परत होती तशी. आणि गॅसचा रेग्युलेटर गाडी हलायच्या आधी काढायचाच, हे काम मी कुणावर सोपवलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्या मागं मागं वीसच्या स्पीडनं चाललो होतो, पण कराडच्या पुढं दिरांनीच ते बंद केलं. हायवेला एवढ्या हळू चालणारी गाडी मागनं येणाऱ्या ट्रकला समजतच नाही, तो शेवटच्या क्षणी कट मारतो आणि धोका उलट वाढतो. मग दिवसा आम्ही दहा-बारा किलोमीटर पुढं जाऊन सर्व्हिस रोडला सावली बघून थांबायचो. ते आले की मी तोंडाकडं बघायचे आणि जर्सीकडं. जर्सीवर पाठीला मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले दिसले की साधं पाणी द्यायचं नाही, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू. काय हवं हे विचारायचं नाही हे मला बेळगावपर्यंत कळलं होतं. दमलेल्या माणसाला निवड करायचासुद्धा त्रास होतो, तो म्हणतो काही नको, आणि पुढच्या तासात बसतो. हातात द्यायचं, ते खातात.

चित्रदुर्गजवळ डोंगरावर सगळीकडं पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारं किती असेल बघा, आणि ते समोरनं. सपाट रस्त्याला सायकल चढासारखी ओढत होते. सासूबाई गाडीतनं उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि हे जवळ आल्यावर काही बोलल्या नाहीत, नुसता ओला पंचा मानेवर टाकला. त्यानंतर प्रत्येक थांब्याला तो पंचा तयार ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं.

रात्रीच्या मुक्कामाला पेट्रोल पंप सगळ्यात बरा, उजेड असतो, संडास असतो, माणसं असतात. फक्त आधी मॅनेजरला भेटून विचारायचं, बायकामाणसं आणि म्हातारं माणूस बघितल्यावर शक्यतो नाही म्हणत नाहीत. बायकांच्या संडासाची अडचण मात्र खरी आहे. दिसेल त्या चांगल्या ठिकाणी जाऊन यायचं, लागेल तेव्हा बघू असं ठेवायचंच नाही.

*

सांगलीहून लिहितोय. ताई, तुमची राईड स्वतःची होती म्हणून गाडी कुठंही थांबवता आली. माझी मुलगी बीआरएम करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, तिथं नियम वेगळा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात, आणि घरच्यांची मदत फक्त कंट्रोलवर, जिथं कार्डावर शिक्का मारतात तिथंच. मध्ये पाण्याची बाटली जरी दिली तरी राईड बाद होऊ शकते. अमेरिकेतल्या रॅममध्ये, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिकामध्ये, बरोब्बर उलटं, तिथं रात्री मागं गाडी असावीच लागते. ४८०० किलोमीटरच्या आसपासची रेस, तिचा सगळा डोलारा क्रूवर, म्हणजे गाडीतल्या मदतीच्या माणसांवर. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या टीमनं पूर्ण केली तेव्हापासून आमच्या घरात हे वेड आलं.

तर सांगायचं हे की एकदा मी कंट्रोलकडं निघालेलो, नागज फाट्याच्या अलीकडं ही रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलेली. मागचं चाक काढलेलं, दातात व्हॉल्व्हचं टोपण, आणि अंगठ्यानं टायर रिममध्ये बसवतीय. ऊन असं की डांबर चिकटत होतं. तिनं मला बघितलं आणि हातानंच सांगितलं, पुढं जा. गेलो. बाप म्हणून एवढं अवघड काम मी दुसरं केलं नाही. कंट्रोलवर पोचून चटई टाकली, भात काढला, आणि रस्त्याकडं डोळे लावून उभा राहिलो. आली, शिक्का घेतला, मग माझ्याजवळ आली. पोरीनं पाळायचं ठरवलेला नियम आपण मोडायचा नाही, तिच्या मेहनतीवर आपण पाणी ओतल्यासारखं होतं. तिचा डोळा आता फ्रान्समधल्या २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राईडवर आहे, १२०० किलोमीटर, चार वर्षांतनं एकदा होते. त्यासाठी त्याच वर्षात २००, ३००, ४००, ६०० चारीही पूर्ण करायला लागतात.

*

कराड. मी गाडी चालवतो, भाऊ सायकल. रात्रीचं एकच सांगतो, सरळ मागनं हेडलाइट टाकू नका, त्याचीच सावली त्याच्या पुढं पडते आणि खड्डा नेमका सावलीत जातो. डीपर ठेवायचा आणि गाडी थोडी उजवीकडं धरायची, सावली डावीकडं सरकते. साताऱ्याकडनं पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात तर गाडी मागं हवीच, आत आवाज एवढा घुमतो की सायकलवाल्याला मागचं वाहन जवळ आहे का लांब काय अंदाज येत नाही. आणि पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की सरळ सायकल गाडीवर टाका. भाऊ चिडतो. चिडू दे.

*

मी मिरजेची. माझ्याकडं खाण्याचं खातं असतं, आमचे हे आणि त्यांचा ग्रुप आषाढीच्या आधी सायकलवरनं पंढरपूरला जातात, कवठेमहांकाळ, सांगोला करत, आणि मी आणि जाऊबाई गाडीत. तर दहीभातासाठी भात पहाटे दह्यात कालवून नेला की उन्हानं दुपारपर्यंत आंबट ढाण होतो आणि मग कुणी खात नाही, त्यापेक्षा पहाटे भात गार करून दुधात सैल कालवायचा, त्यात चमचाभरच दही, मीठ खायच्या वेळी, म्हणजे दुपारी डबा उघडला की ताजा लागलेला गोड दहीभात, हे माझ्या आईचं आहे, शेतावर न्यायची ती. उकडलेले बटाटे मीठ लावून, शेंगदाणा-गुळाचे लहान लाडू, लहान म्हणजे सायकल चालवत एका घासात जाईल एवढे, तासगावचा बेदाणा जर्सीच्या मागच्या खिशात. भडंग सगळे मागतात पण लसूण-तिखट कमी करून वेगळं करायचं, नाहीतर जळजळ होऊन पुढचे वीस किलोमीटर वाया. केळी गाडीत टांगून ठेवा, खाली ठेवली की काळी पडतात. आणि जाताना वारा पाठीवर असतो म्हणून सगळे खूश, त्या दिवसांत वारं पश्चिमेचं, ढालगावच्या पवनचक्क्या गरागरा फिरत असतात, परत येताना तेच वारं तोंडावर, म्हणून आम्ही येताना सायकली कॅरिअरवर टाकून आणतो आणि सगळे गाडीत झोपतात. माऊलीचं दर्शन झालेलं असतं, घाई कशाची.

*

विट्याचा आहे, बारावीला. पप्पांच्या राईडला माझं काम फक्त लिहायचं होतं, मोबाईलमध्ये. किती वाजता काय खाल्लं, किती पाणी, लघवीला गेले का, रंग काय. पहिल्यांदा मला बोअर वाटलं पण नंतर बघितलं तर पप्पा ज्या ज्या वेळी माझ्यावर किंवा मम्मीवर ओरडले त्याच्या आधी दीड तास पोटात काही गेलेलंच नव्हतं, दर वेळी. मग मी पाऊण तासाचा अलार्म लावला. ओरडणं बंद झालं, खरंच.

*

मी सायकलवाला, सांगलीचाच. या पोरानं जे पकडलं ते आम्हाला स्वतःला कळत नाही. अजून एक मागणं आहे, पुढं उभं राहून "अजून एवढं राहिलं" असं सांगू नका. पुढचा थांबा कुठं आहे तेवढं सांगा. आणि रात्री तीन-चारच्या सुमारास मी हो हो म्हणतोय पण डोळे एका जागी थांबलेत असं दिसलं तर माझं ऐकू नका, सायकल काढून घ्या आणि वीस मिनिटं झोपवा. माझ्या बायकोनं असंच केलं आणि त्या वेळी मी भांडलो होतो. ती बरोबर होती.

*

ताई, आम्ही साताऱ्याहून हुबळीपर्यंत जाणार आहोत, भाऊ सायकलवर. आई यायचं म्हणते, तिचे गुडघे दुखतात. न्यावं का? गाडी भाड्याची आहे, पिवळ्या पाटीची.

*

न्या की. आमच्या सासूबाईंचे पण गुडघे तसेच आहेत. गाडीची पायरी उंच असते, लाकडी स्टूल सोबत ठेवा, स्टुलाच्या पायांना रबर बसवून घ्या म्हणजे डांबरावर सरकत नाही. आईंना मधल्या सीटवर दाराजवळ बसवा, मागच्या गादीवर नको, तिथनं उठता येत नाही. दर थांब्याला उतरवून चार पावलं चालवा. पिवळ्या पाटीची गाडी कर्नाटकात जाते तर परमिट आणि टॅक्सचं मालकाला आधीच विचारून कागद हातात घ्या, कोगनोळी नाक्यावर भावाला ताटकळत ठेवायला नको. आणि आईंना एखादं काम नेमून द्या, पंचा ओला करायचं दिलं तरी चालेल.