आर्थरच्या तलवारी: एक की दोन?

प्रश्न: ब्रिटनचा दंतकथेतला राजा आर्थर, त्याच्यावरची फँटसी कादंबरी वाचतोय. दगडातली तलवार (जी उपसून तो राजा ठरतो) आणि त्याची प्रसिद्ध तलवार एक्सकॅलिबर, दोन्ही एकच प्रतीक धरायचं का?

उत्तर १: नाही. या कथा एकत्र लिहिणाऱ्या इंग्रज लेखक मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या ग्रंथात आर्थरची पहिली, दगडातली तलवार पेलिनोर राजाशी लढताना मोडते, मग तळ्यातून एक्सकॅलिबर मिळते. (मॅलरी एके ठिकाणी पहिलीलाही एक्सकॅलिबर म्हणून घोळ घालतो, ते सोडा.) पहिली वारसाहक्क सिद्ध करते, दुसरी म्हणजे उसनी सत्ता, म्हणून ती शेवटी तळ्यात परत जाते.

उत्तर २: एक्सकॅलिबरचं म्यान विसरू नका! आर्थरचा सल्लागार जादूगार मर्लिन याच्या लेखी ते दहा तलवारींच्या तोडीचं. अंगावर असेल तर कितीही जखमा झाल्या तरी रक्त जात नाही. आर्थरची सावत्र बहीण मॉर्गन नेमकं तेच चोरून तळ्यात फेकते. लेखकाने म्यान गाळलं असेल, तर आर्थरचा शेवट निव्वळ रणातला पराभव वाटतो.

उत्तर ३: मरणासन्न आर्थर एक्सकॅलिबर तळ्यात टाकायला सांगतो, तेव्हा त्याचा सरदार बेडिव्हियर ती टाकल्याचं दोनदा खोटं सांगतो. तो प्रसंग कादंबरीत कसा आलाय?