गाडीचं मेटॅलिक रंगाचं दार उभं टांगून रंगवायचं की आडवं ठेवून?

उद्यमनगर_पेंटर : काढलेलं दार दोन ड्रमवर आडवं टाकून रंग मारायची पद्धत आपल्या कोल्हापुरात सर्रास आहे. मेटॅलिकला ती बंद व्हायला पाहिजे. बेस, म्हणजे खालचा रंगाचा थर, ओला पडला की त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा दाणा बुडतो, रंग गडद दिसतो. कोरडा पडला की उजळ. आडव्या दारावर वाकून हात पलीकडच्या कडेला नेला की स्प्रे गन तिरकी होते, १५ सेंमीचं अंतर २५ होतं. दार फेंडरशेजारी (चाकावरच्या पत्र्याशेजारी) बसवल्यावर उन्हात फरक लगेच दिसतो, सिल्व्हरमध्ये सगळ्यात जास्त.

शिरोली_बॉडीशॉप : बेसचं पटलं. क्लिअरचं, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचं काय? उभ्या दारावर बॉडीलाइनखाली (पत्र्यातल्या उठावाच्या रेघेखाली) आणि हँडलच्या खोबणीत ओघळ ठरलेला. आडव्यावर दुसरा कोट भरून मारता येतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा कमी येतो, घासून पॉलिश मारायचं काम वाचतं. सॉलिड पांढऱ्यात तर दाणाच नाही, मग टांगायचा हट्ट कशाला? फक्त स्टँडवर गोधडी टाकू नका, तंतू उडतात.

उद्यमनगर_पेंटर : ओघळ घाईमुळे येतो, राव. टू-के (दोन भागांचं) क्लिअर हार्डनरशी २:१, थिनर ५ ते १० टक्के, १.३ चा नोझल, हवा २ बारच्या आसपास. खोबणी आधी हलक्या हाताने, मग सबंध दारावर मध्यम कोट. मास्किंग पेपरवरच्या क्लिअरला बोट लावून बघा : चिकट लागलं पण तार सुटली नाही, की दुसरा कोट. शिवाय उसाच्या हंगामात उघड्या शेडमध्ये कारखान्याची राख उडते, ती आडव्या दारावर सरळ बसते. पॉलिशचं वाचलेलं काम तिथंच परत येतं.

कळंब्याचा_डेंटर : नुसता बाहेरचा पत्रा घासला असेल तर दार काढताच कशाला? बिजागरीचे बोल्ट हलले की दाराभोवतीचा सारखा गॅप गेला. दार गाडीवरच ठेवा, बेस शेजारच्या पॅनेलवर विरत न्या आणि क्लिअर दोन्ही पॅनेलवर कडेपर्यंत मारा. रंगाची छटा थोडी चुकली तरी डोळ्याला सापडत नाही.

शिरोली_बॉडीशॉप : दुरुस्तीला हे बरोबर. नवीन दार असेल तर मात्र आतली बाजू आणि कडा आधी सुट्या माराव्या लागतात. त्या वेळी खालच्या कडेची पाणी जायची भोकं रंगाने बुजू देऊ नका, पाणी साठून दार तिथूनच गंजतं. बाहेरचा बेस उभ्यावर, क्लिअर आडव्यावर, असं मी अजूनही म्हणेन.

उद्यमनगर_पेंटर : मधेच दार हलवलं की बेसवर बोटं उठतात, कपड्यांची धूळ बसते. क्लिअरखाली गेलेला डाग पॉलिशने निघत नाही, परत बेसपासून काम. दोन हुकांवर टांगा आणि खालची कड तारेने बांधा, नाहीतर गनच्या हवेने दार झुलतं आणि पट्टे पडतात.