मदत हवी आहे : मालदीवच्या सफारी बोटीवर शाकाहारी सासूबाईंच्या जेवणाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही चौघं मालदीवला सात रात्रींच्या सफारी बोटीवर जातोय. बोट छोटी, दहाच केबिन. नवरा आणि लेक डायव्हिंग करणार, मी पाण्यात पाय सोडून बसणार, आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, एकदा चहूकडे नुसता समुद्र बघायचाय. वय 71. मी मालवणची, मला पाण्यातलं सगळं चालतं. आई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एजंटला विचारलं तर म्हणाला, "व्हेज नो प्रॉब्लेम मॅडम, फिश तर खातात ना?" तिथेच पोटात गोळा आला.

कारण 2 वर्षांपूर्वी तिथल्या एका बेटावर गेस्टहाउसमध्ये राहिलो होतो. सकाळी रोशी आली, म्हणजे आपली पोळीच, आणि सोबत वाडग्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. आईंनी चटणी समजून चांगली दोन चमचे वाढून घेतली. दुसऱ्या घासाला त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तोवर मला वास आला होता. मस हुनी! त्या खोबऱ्यात कुपा, म्हणजे ट्यूना मासा, कुस्करून घालतात. 'मस' म्हणजे मासा, नावातच सांगितलंय, पण आम्हाला कुठे ठाऊक. त्या दिवशी आई केळ्यांवर राहिल्या.

तिथे मासा आणि नारळ सोडला तर जवळपास सगळं बाहेरून येतं, त्यामुळे त्यांचा दोष नाही. पण बोटीवरून उठून दुसरं हॉटेल गाठता येत नाही ना! तर,

बोटीवरच्या स्वयंपाक्याला नेमकं काय सांगायचं? भाजणी, मेतकूट, साबुदाणा नेला तर तो करून देईल का? मधे एकादशी आहे. आईंची मधुमेहाची गोळी आठ वाजता असते, नाश्ता कितीला मिळतो?

(आईंचा बाळकृष्ण या वेळी घरीच राहणार. पूजेच्या मूर्ती तिथे कस्टम्सवाले येऊ देत नाहीत. त्यावरून आधीच एक अबोला झालाय.)

प्रतिसाद 1
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. 'व्हेज' हा शब्द वापरूच नका. मासा नाही, सुका मासा नाही, माशाचं पाणी नाही, अंडं नाही, असं एकेक लिहून द्या. स्वयंपाकी श्रीलंकेचा असेल तर जास्त जपा. त्यांच्या खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, सुक्या कुप्याचा चुरा असतो, कधी डाळीतही. आपण सुकट घालतो तसाच, फक्त चवीला, म्हणून त्याला तो मासा वाटतच नाही. आणि पहिल्याच दिवशी भंडाऱ्याला, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याला, स्वतः भेटा, एजंटवर विसंबू नका. भाजणी हातात देऊन एक थालीपीठ लावून दाखवा. बहुतेक जण खूश होतात, त्यांनाही रोज तेच करून कंटाळा आलेला असतो.

प्रतिसाद 2
आम्ही मागच्या वर्षी अशीच सफारी केली होती. जेवणाचं घड्याळ डायव्हिंगवर चालतं. उजाडताना चहा-टोस्ट, मग डाइव्ह, खरा नाश्ता डायव्हिंगवाले परत आल्यावर. आमच्याकडे नऊ वाजून जायचे. आईंसाठी दशम्या किंवा खाकरा केबिनमध्ये असू द्या, आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या. भाजी राजधानी मालेहून एकदाच भरली होती, शेवटचे दोन दिवस कोबी आणि गाजर. केबिनमध्ये किटली लावू नका, गरम पाणी मागितलं की देतात. वाळूच्या बेटावर एका रात्री बार्बेक्यू असतो, तिथे एकाच जाळीवर सगळं भाजतात. आईंचं आधी बोटीवरच वाढून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. जाळीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. काल एजंटला सगळी यादी लिहून मेल केली, सुक्या माशासकट. आत्ता उत्तर आलं : "ओके मॅडम, नो फिश. चिकन?"