घरच्या धंद्यात नवीन काय सुरू केलंत? – अनुभव

माळ्यावरचा माणूस:
काल माळा आवरताना टाइपरायटरच्या रिबिनीची पत्र्याची डबी सापडली. आत आईची बटणं, तरी उघडल्याबरोबर शाईचा वास! बाबांचा टायपिंग क्लास आठवला. बारा मशिनं, सकाळी सहापासून खटखट, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा. २००१ मध्ये एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला आणि बाबांनी कर्ज काढून चार कॉम्प्युटर घेतले. माऊस काही धरता येईना. पोरांसमोर हसं नको म्हणून रात्री शटर ओढून आठवीतल्या माझ्याकडून शिकायचे. ओळ संपली की टाइपरायटरची दांडी सरकवायला डावा हात आपोआप वर जायचा. कीबोर्ड असा बडवायचे की महिन्यात स्पेसबार गेला.
तुमच्याकडचं येऊ द्या.

रानजाई:
आमचं तासगावकडचं. द्राक्षाला भाव नाही म्हणून बेदाणा. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, हे गणित सासऱ्यांच्या गळी उतरवायलाच दोन वर्षं गेली. लवकर सुकावेत म्हणून डिपिंग ऑइल न् कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडमध्ये जाळीवर पसरायचे, मग पंधरा दिवस आभाळाकडे डोळे. पहिल्याच वर्षी बाराव्या दिवशी अवकाळी. माल काळा पडला, मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. पुढचं रात्री लिहिते, दूध ठेवलंय

खमंग काकडी:
अरेरे. डबी कोरेस कंपनीची का हो? आमच्यात तिच्यात हळदकुंकू असायचं.

बिनधास्त_बंड्या:
एसटीडी बूथ > झेरॉक्स > रिचार्ज > आता ऑनलाइन फॉर्म. पिवळी पाटी तीच, खालचं रंगवून घेतो दरवेळी. सातबारा काढायला आलेले आजोबा अजून विचारतात, फोन लावून देतो का रे?

जात्यावरची ओवी:
गिरणीला मिरची कांडप जोडलं. नव्या पोरानं मिरचीचं फडकं पिठाच्या चाळणीला पुसलं! संध्याकाळी एक मावशी पोळ्यांचा डबा घेऊनच भांडायला. 'खा तूच.' खाल्ली. कान तापले. दळण फुकट दिलं, पण मावशी मसाला अजून आमच्याकडेच कांडतात.

खमंग काकडी:
=)) मसाल्याला किलोमागे काय घेता? आणि लवंगी घालता की नुसती बेडगी?

जात्यावरची ओवी:
बेडगी रंगाला, लवंगी जपून. भाव व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवते.

बिनधास्त_बंड्या:
रानजाईताई, दूध?

रानजाई:
गेलं उतू. शेगडी घासतेय.

माळ्यावरचा माणूस:
डबी कोरेसचीच. बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणतात, स्पेसबार नव्हे, एंटर गेला होता. नीट लिही.