अनुभव हवेत : मराठवाड्यातलं कोरड्या हवेचं, निर्धास्त राहता येईल असं लहान गाव

बदलापूरला आम्हाला सव्वीस वर्षं झाली. ह्यांना दमा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, आणि रात्री दोनदा उठून पंप घेणं. गेल्या दिवाळीत भावाकडे परभणीला पंधरा दिवस राहिलो. तिथे हे पहाटे आपणहून गच्चीत जाऊन चकरा मारायचे आणि ऊन अंगावर घेत बसायचे. तेव्हापासून घरात हा एकच विषय आहे. मुलगी बंगळूरला असते, ती काही परत येणार नाही. फ्लॅट विकून मराठवाड्यात कायमचं जायचं म्हणतोय, पण मोठं शहर नको.

ज्यांनी असं बिऱ्हाड हलवलं, किंवा हलवून परत आणलं, त्यांनी कृपया लिहा. पाण्याचं काय, उन्हाळा कसा निघतो, रात्री-अपरात्री दवाखाना मिळतो का? आणि उद्या माझ्यावर एकटीनं राहायची वेळ आली तर ते गाव मला सांभाळून घेईल का? ऐकीव नको, स्वतः राहिलेल्यांचंच सांगा.

अंबाजोगाई, निवृत्त परिचारिका

ताई, आम्ही २०१९ मध्ये ठाण्याहून इथे आलो. सासर-माहेर दोन्ही इथलं नाही. ह्यांचे एक मित्र योगेश्वरीच्या दर्शनाला घेऊन आले होते, तेवढीच ओळख.

दम्याचं आधी सांगते, कारण त्यात फसगत होते. कोरडी हवा मानवते हे खरं आहे. बुरशी नाही, गाद्या दोन उन्हांत खडखडीत होतात. पण जानेवारीत तुरीची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची रास सुरू झाली की मळणीयंत्राचा भुसा उडतो. गावाच्या कडेला, शेताला लागून घर घेतलंत तर तो थेट घरात येतो. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत माजतं, त्याच्या फुलोऱ्याचा त्रास वेगळाच. म्हणून दम्याच्या माणसानं गावाच्या मध्यात, डांबरी रस्त्यावर घर बघावं. शेताचं दृश्य सोडून द्यावं. पंप आणि औषधं दोन महिन्यांची जवळ ठेवा.

गाव बालाघाटाच्या डोंगरावर आहे. मे महिन्यात दुपार तापतेच, पण दिवस मावळला की वारं सुटतं. माझ्या मते या गावाची खरी ठेव म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. एवढ्याशा गावात रात्री दोन वाजता डॉक्टर जागे सापडणं ही साधी गोष्ट नाही. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय, म्हणून हे वजन देऊन सांगते. २०२२ च्या थंडीत ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचा दीड वाजला होता. मी शेजारची कडी वाजवली. त्यांचा मुलगा म्हणाला, "मावशी, चपला राहू द्या, बसा आधी," आणि दहा मिनिटांत आम्ही तिथे होतो. पुढच्या तपासण्यांना लातूर गाठावं लागलं, सव्वा तासाचा रस्ता. हृदयाचा जुना आजार असेल तर तो सव्वा तास आधीच हिशोबात धरा.

रेल्वे नाही. परळी स्टेशन पंचवीस किलोमीटरवर. पाणी मांजरा धरणाचं, म्हणजे धनेगावचं. २०१६ मध्ये हेच धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यानंतर चांगली वर्षंही आली, धरण भरून दारं उघडावी लागली. तरी घर बघताना मी हौद किती लिटरचा हे आधी विचारते, फरशी कोणती हे नंतर.

मन लागेल का, हेही विचारायचं असेल तुम्हाला. संध्याकाळी आम्ही मुकुंदराजांच्या समाधीकडे जातो. दरी, झाडं आणि शांतता. ह्यांनी तिथे मुकुंदराजांचाच विवेकसिंधु वाचायला घेतला. निम्मा कळत नाही म्हणतात, पण जातात.

तुळजापूर तालुका, शेतकरी

दिवाळीत येऊन गाव पसंत करू नका. पंधरा एप्रिल ते पंधरा जून भाड्यानं राहा. पारा बेचाळीसला जातो. कूलर इथे चांगला चालतो, कारण हवा कोरडी. पण कूलरलाही पाणी लागतं आणि वीजही.

उदगीर, घरून काम करणारी

आम्ही हिंजवडीहून चार वर्षांपूर्वी आलो. नवऱ्याचं आजोळ उदगीरचं. रेल्वे आहे, किल्ला आहे, आणि बाजारात तीन भाषा कानावर पडतात, मराठी, कानडी आणि दखनी. माझी मुलगी आता "काय करलालीस?" असं विचारते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

उन्हाबद्दल लिहायचं आहे. इथे आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ऊन ही मिळकत आहे. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. केंद्राच्या योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळालं. उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट वीज होते, पावसाळी आभाळ आलं की निम्म्यावर येते. पण दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. मीटरला जोडलेलं साधं सोलर असेल, तर लाईट गेली की तेही बंद पडतं. मीटिंग चालू असताना अंधार नको असेल तर इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आणि पॅनलवर धूळ बसते, दर आठवड्याला पुसायला पाणी लागतं. सासूबाई त्याच गच्चीवर मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, पापड वाळवतात. पॅनल बसवायच्या आधी त्यांना विचारलं नसतं तर मोठं भांडण झालं असतं.

आभाळाचं ऊन जितकं खरं तितकीच वीजही. एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळांना मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, दरवर्षी. पुण्याच्या हवामान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवा. कडकडाट सुरू झाला की गच्चीवरचं वाळवण गोळा करायला धावू नका. भिजू द्या.

आणि पहिल्या वर्षीची येळवस. मार्गशीर्ष संपताना आमच्याकडे वेळ अमावस्या असते. अख्खं गाव रिकामं होऊन शेतात जातं. आमचं शेत नाही. तर तीन घरांतून बोलावणं आलं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, त्यात पाच दगडांचे मांडलेले पांडव, हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, मडक्यातली आंबील. तिसऱ्या शेतावर मला खाववेना, तेव्हा त्या घरच्या आजी म्हणाल्या, "खाऊ नका, पण बसा तरी." एकटीनं राहायची वेळ आली तर, असं तुम्ही विचारलंत ना, त्यावर माझ्याकडे हे एवढंच उत्तर आहे.

किल्लारी परिसर, घरबांधणी करणारा

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गणपती बोळवून माणसं झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जास्त लिहीत नाही. आमच्या घरातले तिघं गेले.

लिहायचंय ते घराबद्दल. बाहेरून येणारी माणसं जुनी माळवदाची घरं बघून हरखतात. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडाच्या खणावर माती, उन्हाळ्यात गारवा. गारवा खराच आहे. पण त्या भिंती दगड आणि मातीच्या होत्या, कोपऱ्यात एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या, आणि डोक्यावर टनावारी माती होती. माणसं त्याच्याखाली गेली. जुना वाडा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. घ्यायचाच असेल तर वरची माती उतरवून, भिंती बांधून घेऊनच राहायला जा.

नवं घर बांधणार असाल तर मला तीन गोष्टी कळतात. जोत्याला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली सिमेंट-सळईचा पट्टा चारी भिंतींतून अखंड फिरलेला पाहिजे, मधे तुटलेला चालत नाही. कोपऱ्यांत उभी सळई पाहिजे. आणि जमीन. आपल्याकडे म्हणतात गाव पांढरीत आणि शेत काळीत, ते उगीच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला की तिसऱ्या वर्षी भिंतीला तिरकी चीर येते. शहराभोवतालचे बहुतेक नवे प्लॉट शेतातलेच असतात. प्लॉट घ्यायच्या आधी एक खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. सहा फुटांवर लागला तर पाया तिथपर्यंत न्या. त्याहून खोल असेल तर खर्च वाढतो, तो भावात कमी करून मागा.

हिंगोली-वसमत भागात बघत असाल तर तिथेही मधूनमधून हादरे बसतात. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि जुलैमध्ये चांगलेच जाणवले होते. घाबरून ते गाव सोडावं असं मी म्हणत नाही. घर नीट बांधा.

पैठण

नदीकाठच्या घराचा मोह होतो, नाथांच्या गावात तर होतोच. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडलं तेव्हा अर्धं गाव पाण्यात होतं, आम्ही माडीवर दोन रात्री काढल्या. २०२५ च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवकडे पुरानं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दुष्काळी भाग म्हणून पुराचा विचारच कुणी करत नाही. जुन्या माणसाला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ती पायरी तो दाखवतो.

परत पुण्याला आलेला

मीही लिहितो, कारण परत आलेले बहुधा गप्प बसतात. गावाचं नाव देत नाही, गावाचा दोष नव्हता. आम्ही भाड्यानं न राहता थेट गावाबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं. नळाची लाईन तिथपर्यंत आलेली नव्हती. बोअर साडेपाचशे फूट घेतला, धूळ निघाली. दुसरा घेतला, पहिला पाऊसकाळ पाणी दिलं, फेब्रुवारीत आटला. मग टँकर. तरी पैसा निभला असता. माझी बायको दिवसभर एकटी पडली. जवळचं घर चारशे पावलांवर, आणि तेही कुलूपबंद. गावात आमच्याशी वाईट कुणी वागलं नाही, पण आम्ही गावात नव्हतोच. चौदा महिन्यांनी परत आलो. आता ती म्हणते, जुन्या पेठेत दोन खोल्या घेतल्या असत्या तर राहिलो असतो. मलाही तसंच वाटतं.

जालना जिल्हा, महसूल खात्यातून निवृत्त

वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. जमिनीच्या कागदांबद्दल थोडं. नुसता ताजा सातबारा बघून व्यवहार करू नका. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथे इनामी जमिनींचा गुंता वेगळा आहे. देवस्थान, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आणि निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश जमिनी आजही गावोगाव आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं तर तिथेच थांबा. तसं दिसलं नाही तरी तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढून त्यात कोणाचं नाव आणि कसली नोंद आहे ते बघा. तिथपासूनचे फेरफार जुळले पाहिजेत. एनए, म्हणजे बिगरशेती झालेला, मंजूर लेआउटमधला प्लॉटच घ्या. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय शेताचे तुकडे पाडून विकलेला, स्वस्त प्लॉट पुढे नियमित होईल या भरवशावर म्हातारपणाचा पैसा घालू नका. वकिलाची फी द्या, ती वाया जात नाही.

सेलू, शिक्षिका, एकटी राहते

ताईंचा शेवटचा प्रश्न माझाच आहे म्हणून लिहिते. एकोणचाळीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, सात वर्षं इथे एकटी राहते.

खोली मिळणं अवघड गेलं. नऊ घरं बघितली. कुणी विचारलं घरात पुरुष माणूस कोण, दोघांनी जात विचारली. हे लिहिलं नाही तर खोटं होईल. दहाव्या घरच्या काकूंनी फक्त विचारलं, "नळ पहाटे येतो, उठता का?"

रात्रीचं म्हणाल, तर सेलू मनमाड-परभणी लाईनवर आहे, आणि काही गाड्या अवेळी येतात. मी कित्येकदा रात्री दोन-तीनला उतरले आहे. स्टेशनवरचे ऑटोवाले मामा मला नावानं ओळखतात, दार उघडून आतला दिवा लागेपर्यंत थांबतात. त्याची दुसरी बाजू अशी की मी कुठे गेले, कोण आलं, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. पहिली दोन वर्षं मला त्याचा जाच व्हायचा, अगदी रडू यायचं. मग एकदा तापानं दार उघडलं नाही, तर सकाळी आठला काकू आणि दूधवाला दोघंही दारात उभे. आजही काही दिवस ती नजर बोचते. पण मी बदलीचा अर्ज भरलेला नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचं दोनदा वाचलं, ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. किल्लारीच्या दादांचं वाचताना मला थांबावं लागलं. फ्लॅट आत्ता विकत नाही. भाड्यानं देतो आणि पंधरा एप्रिलपासून जूनअखेर अंबाजोगाईत, गावाच्या मध्यात खोल्या बघतो. सेलूच्या बाई, तुमच्याशी बोलायला आवडेल. परिचारिका ताई, तुमच्या ओळखीत काही असेल तर कळवाल का?

अंबाजोगाई, निवृत्त परिचारिका

आमच्याच गल्लीत खालच्या दोन खोल्या मार्चअखेर रिकाम्या होतायत. पूर्वेला खिडकी आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. हौद तीन हजार लिटरचा, झाकण लोखंडी आणि जड आहे. ते ह्यांना उचलू देऊ नका, मी शेजारच्या मुलाला सांगून ठेवते.