आईच्या संमतीने तिच्या फोनवरील संदेश परदेशातून वाचता येतील का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी आई साताऱ्यात एकटी राहते आणि मी नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असते. गेल्या महिन्यात आईला भजनी मंडळातील एका ओळखीच्या बाईंच्या क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती चित्र किंवा पीडीएफ नव्हती, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' (म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) अशी अक्षरे होती; परंतु लग्नसराईत पत्रिका उघडताना ती अक्षरे कोण वाचतो? आईने फाइल उघडली, फोनने एकामागून एक जे विचारले त्या सगळ्याला होकार दिला, आणि पत्रिका काही दिसेना म्हणून फोन बाजूला ठेवून ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या बचत खात्यातून दोनदा रक्कम गेली होती आणि तीच पत्रिका तिच्या नावाने अर्ध्या मंडळाला पोहोचली होती. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, बँकेला लेखी कळवले आहे, काही रक्कम वाटेत गोठवली गेली आहे. ते प्रकरण त्याच्या गतीने चालू आहे.

माझा प्रश्न पुढचा आहे. आईचे एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश मला इथून वाचता यावेत, म्हणजे काही विपरीत दिसल्यास मी तिला लगेच सावध करू शकेन, अशी माझी इच्छा आहे, आणि "तूच बघ गं बाई सगळं" असे म्हणून आईने त्याला संमतीही दिली आहे. शोध घेतला तर 'फक्त मोबाइल क्रमांक टाका आणि सर्व संदेश पाहा' अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. असे खरोखर शक्य आहे का? आणि मला न सुटलेले कोडे असे, की आईची परवानगी असूनही मला जे जमत नाही, ते त्या चोरांना एका फाइलच्या बळावर कसे जमले?

यंत्रवेध

मोबाइल सुरक्षा हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

केवळ क्रमांकावरून संदेश दिसणे शक्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संवादांना 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' लागू केले. तेव्हापासून संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो, घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, आणि किल्ल्या त्या फोनांबाहेर कुठेही नसतात. संदेश पोहोचला की कंपनीच्या सर्व्हरवर तो राहत नाही. न पोहोचलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस तिथे थांबतो, तोही कुलूपबंद अवस्थेतच. क्रमांक हा केवळ पत्ता आहे, आणि जिथे खुद्द कंपनीलाच मजकूर वाचता येत नाही तिथे एखाद्या अनोळखी संकेतस्थळाला तो कुठून मिळणार? ही संकेतस्थळे पडद्यावर एक पट्टी सरकवतात, 'संदेश सापडले' असे लिहितात आणि मग कार्डाचा तपशील मागतात किंवा आणखी एक एपीके उतरवायला लावतात. त्यांची कमाई हीच.

साध्या एसएमएसची गोष्ट वेगळी आहे. त्याला असे कुलूप नसते, मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून तो उघडाच प्रवास करतो. तरीही तुमच्यासारख्या सामान्य माणसाला किंवा गल्लीबोळातल्या भामट्याला त्या जाळ्यात शिरता येत नाही. त्यापेक्षा खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नावाचे सिम काढणे त्यांना सोपे पडते.

आता तुमचे कोडे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता मानून वेगळ्या खोलीत कोंडलेले असते, आणि एका अ‍ॅपची खासगी साठवण शेजारच्या अ‍ॅपला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेशसंग्रह अशाच खोलीत असतो. चोरांनी ती भिंत फोडलेली नाही. त्यांनी आईंकडून दार उघडून घेतले.

तशा एपीकेचा क्रम मी अनेकदा पाहिला आहे. प्रथम फोन विचारतो, की या स्रोतावरून अनोळखी अ‍ॅप बसवायचे का? नंतर अ‍ॅप एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते, पुढे सूचना वाचण्याची, आणि काही अ‍ॅपे 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालू करायला सांगतात. ही शेवटची सोय मुळात दृष्टिहीनांसाठी आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा म्हणून तिला पडद्यावरचे बहुतेक सगळे पाहण्याची आणि बटणे दाबण्याचीही मुभा असते. तीन-चार होकारांनंतर अ‍ॅपचे चिन्ह नाहीसे होते आणि माणसाला वाटते, फाइल बिघडलेली होती. त्या क्षणापासून येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे जातो. एन्क्रिप्शन वाटेवरच्या संदेशाचे रक्षण करते. जो संदेश मालकासाठी पडद्यावर उघडलेला आहे, तो मालकाच्याच परवानगीने शेजारी बसून वाचणाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही.

मंडळाला पत्रिका गेली तीही याच ओटीपीमुळे. चोराने आईंचा क्रमांक स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नोंदवला, पडताळणीचा सहा अंकी कोड एसएमएसने आला आणि एपीकेने तो त्याच्याकडे पोहोचवला. कोड मिळवण्याची आणखी एक चाल आपल्याकडे बरीच चालली. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणून फोन करायचा, '*४०१*' ने सुरू होणारा क्रमांक दाबायला लावायचा, आणि कॉल वळवून बोलून सांगितला जाणारा कोड ऐकायचा. या चालीमुळेच १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेताने कॉल वळवण्याची सोय बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना दिला होता.

मालकाने बोटही न लावता फोन फोडला गेल्याची उदाहरणे आहेत, हे नाकारता येणार नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल व्यवस्थेतील त्रुटी वापरून सुमारे १,४०० फोनांवर पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यासाठी समोरच्याने कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. परंतु ते बनवणारी इस्रायलची एनएसओ कंपनी आपण केवळ सरकारी यंत्रणांना विक्री करतो असे सांगते. अशी त्रुटी उघड झाली की दुरुस्त होते, म्हणून ती फार जपून आणि फार महागात वापरली जाते. भजनी मंडळाच्या मागे कोणी पेगासस लावत नाही.

तुम्हाला जे हवे आहे त्याला सरळ मार्ग आहे. आईंच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तुमचे उपकरण जोडता येते, अशी चार उपकरणे जोडण्याची मुभा आहे. मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही तर जोडणी तुटते. एसएमएससाठी गूगल मेसेजेसमध्ये ब्राउझर जोडण्याची सोय आहे. दोन्हींत आईंच्या फोनवर जोडणी दिसते आणि त्या ती केव्हाही तोडू शकतात. जे साधन स्वतःला मालकापासून लपवते ते हेरगिरीचे, असा साधा निकष मी लावतो.

कायदेपान

वरील तांत्रिक विवेचनात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, पण संमतीविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा धागा इतर हेतूंनीही वाचला जाईल.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकीय साधनात प्रवेश करणे, त्यातील माहिती उतरवून घेणे हे भरपाईस पात्र कृत्य ठरते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाइल फोन या व्याख्येत येतो. शिवाय एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. 'मी तिचा नवरा आहे' एवढे सांगून त्यातून सुटका होत नाही, ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अशिलांना पटत नाही.

शासनालासुद्धा मोकळे रान नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ आणि त्याखालील २००९ च्या नियमांनुसार संदेश अडवण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा सकारण आदेश लागतो, तो एका वेळी ६० दिवसांपर्यंत आणि एकूण १८० दिवसांपर्यंतच चालतो. पेगाससने भारतीयांवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतल्याने प्रत्येक वेळी सरकारला सूट मिळणार नाही, असेच न्यायालयाने सुनावले होते.

कृष्णाकाठ, आपल्या बाबतीत आईंची संमती आहे, ती दोन ओळींत लिहून ठेवा. मात्र व्हॉट्सअ‍ॅप जोडल्यावर तुम्हाला केवळ आईंचे नव्हे, तर त्यांच्या मैत्रिणींनी विश्वासाने लिहिलेले घरगुती गाऱ्हाणेही दिसेल, आणि त्या बायकांची संमती कोणीही घेतलेली नाही. कायद्याने यात तुम्हाला कोणी पकडणार नाही. पण मी असतो तर व्हॉट्सअ‍ॅप सोडून दिले असते.

जुने पासबुक

बँकेत छत्तीस वर्षे काढली, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. ताई, संदेश वाचून तुम्ही नेमके काय थांबवणार आहात? साताऱ्यात सकाळी दहाला बँक उघडते तेव्हा हिवाळ्यात तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे, आणि पैसे गेल्याचा संदेश पैसे गेल्यावरच येतो. दुरून वाचणाऱ्याला चोरी लवकर कळते, टळत नाही. लवकर कळण्याला किंमत आहे हे मान्य, कारण १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी अडकण्याची शक्यता वाढते; पण त्यासाठी आईंचा अख्खा फोन इकडे आणण्याची गरज नाही.

बँकेत आईंच्या नावाने ईमेल नोंदवा आणि तो ईमेल दोघींनी पाहा, म्हणजे व्यवहारांच्या सूचना तुम्हाला मिळतील. मोठी रक्कम एका खात्यात ठेवा ज्याला यूपीआय, नेटबँकिंग काहीही जोडलेले नाही, आणि दूधवाला, औषधे, वीजबिल यांच्यासाठी दुसरे लहान खाते वापरा. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली आहे, ती वापरा. यात हुशारीचे काही नाही, पण मी शाखेत असताना ज्येष्ठ खातेदारांचे जे नुकसान टळलेले पाहिले ते अशाच कंटाळवाण्या उपायांनी टळलेले पाहिले.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे खातेदाराने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा खातेदाराच्या अंगावर येतो. उलट चूक ना खातेदाराची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर काहीच बोजा पडत नाही. उद्या पुन्हा काही घडले आणि आईंचे ओटीपी स्टुटगार्टच्या ब्राउझरमध्येही दिसत होते हे समोर आले, तर बँकेचा माणूस त्यावर बोट ठेवणारच. मी त्या खुर्चीत असतो तर ठेवले असते.

यंत्रवेध

पासबुक काकांचा मुद्दा मला मान्य आहे. एसएमएस जोडण्याबाबतचा माझा सल्ला मी ओटीपी येणाऱ्या क्रमांकापुरता मागे घेतो. ज्यांना यानंतरही 'मॉनिटरिंग अ‍ॅप' विकत घेण्याचा मोह होईल, त्यांनी लेटमीस्पाय या पोलंडमधील अ‍ॅपचे काय झाले ते लक्षात घ्यावे: जून २०२३ मध्ये त्याचा सर्व्हर फोडला गेला, पाळतीखालच्या लोकांचे संदेश आणि कॉलच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि त्याच वर्षी ते अ‍ॅप बंद पडले. अमेरिकेत स्पायफोन या कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये या धंद्यातूनच बंदी घातली. आईच्या काळजीपोटी बसवलेले असे अ‍ॅप आईचे संदेश तिसऱ्याच्याच कपाटात नेऊन ठेवते.

कृष्णाकाठ

सर्वांची आभारी आहे. व्हॉट्सअ‍ॅप जोडण्याचा विचार सोडला. ईमेल आणि दुसऱ्या खात्याचे काम माझा मामेभाऊ शनिवारी आईला घेऊन जाऊन करणार आहे. एकच शंका उरली. आईचा फोन दुकानदाराने पूर्ण पुसून दिला, त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना एसएमएसचा कोड टाकल्यावर ते आणखी एक सहा अंकी पिन मागते, जो आम्ही कधीच ठेवलेला नाही. चोर अजून आत आहे का? त्याने आईचे जुने संदेश वाचले असतील का?

यंत्रवेध

तो पिन चोराने ठेवला आहे, खाते ताब्यात आल्यावर ते लोक प्रथम हेच करतात. परंतु एसएमएसचा कोड तुम्ही टाकला त्याच क्षणी तो बाहेर फेकला गेला आहे, पिन माहीत असो वा नसो. पिन पुसण्यासाठी सात दिवस थांबावे लागते. त्यानंतर आत शिरल्यावर आईंचा स्वतःचा पिन ठेवा, पिन विसरल्यास उपयोगी पडेल असा ईमेल तिथे द्या, आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी रिकामी आहे ना ते पाहा.

जुने व्हॉट्सअ‍ॅप संदेश त्याला क्रमांक नोंदवून मिळालेले नाहीत, कारण ते आईंच्या फोनवर होते, सर्व्हरवर नव्हते. मधल्या काळात गटांत आलेले संदेश मात्र त्याच्या फोनवर गेले असणार. एसएमएसचे तसे नाही, फोनमधले जुने एसएमएसही त्या एपीकेला वाचता येत होते. तेव्हा त्यांत कोणी पासवर्ड, कार्डाचा क्रमांक किंवा पॉलिसीचा तपशील पाठवला असेल, तर तो उघड झाला आहे असे धरून बदलून घ्या. मामेभावाला फोनवरून ##००२# हा क्रमांकही डायल करायला सांगा, म्हणजे कुठे कॉल वळवला गेला असल्यास ते रद्द होईल. आणि प्ले स्टोअरमधील 'प्ले प्रोटेक्ट', म्हणजे घातक अ‍ॅपे तपासणारी गूगलची सोय, चालू आहे का ते त्याने पाहावे. एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी मागणारी बाहेरची एपीके बसण्याआधीच अडवण्याचा प्रयोग गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केला होता, आणि प्ले प्रोटेक्ट बंद असेल तर तो अडसर राहत नाही.