कॅरिना तेजोमेघ वॉल हँगिंगमध्ये विणायचा असेल, तर परवानगी कुणाची घ्यावी?

प्रश्न (डिझायनर, पूर्व भाग, सोलापूर)
यंत्रमागाच्या जेकार्डसाठी (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) मी संगणकावर डिझाइन काढतो. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले कॅरिना तेजोमेघाचे जे छायाचित्र १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झाले, त्यावरून वॉल हँगिंग विणायचे बरेच दिवस मनात आहे. त्यातल्या असंख्य छटा ग्राफच्या चौकोनांत आणि सहा रंगांच्या बाण्यात (आडव्या धाग्यांत) बसवून नमुना तयार केला आहे. व्यापाऱ्याला दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "आकाश सगळ्यांचे आहे, विचारायचे कुणाला?" गेल्या वर्षी माझे मोराचे डिझाइन मला न विचारता दुसऱ्याच्या मागावर चढले होते, त्यामुळे हे उत्तर मला पटत नाही. विक्रीसाठी विणायचे असल्यास नियम काय आहे?

प्रतिसाद (कायद्याचा अभ्यासक)
व्यापाऱ्यांचे म्हणणे अवकाशापुरते खरे आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्रावर किंवा अन्य खगोलावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही आणि भारतही या कराराचा सदस्य आहे. मात्र हा करार देशांच्या वर्तनाविषयी आहे. छायाचित्राचा हक्क वेगळ्या कायद्याने ठरतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या वेब संकेतस्थळावरील छायाचित्रे सर्वसाधारणपणे क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० या परवान्याखाली मिळतात. त्यानुसार विक्रीसाठीही वापर करता येतो, पण श्रेय स्पष्ट दिसले पाहिजे, परवान्याचा उल्लेख हवा आणि बदल केल्याचे सांगायला हवे. नासाचे बोधचिन्ह मात्र वापरू नका आणि त्या संस्थांनी तुमच्या मालाला पसंती दिल्याचा भास होईल असे काही लिहू नका. चांद्रयानाच्या छायाचित्रांना हाच न्याय लावू नये, कारण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सरकारी कृतींनाही प्रसिद्धीपासून ६० वर्षे संरक्षण आहे; तिथे इस्रोच्या अटी वाचूनच पुढे जावे.

प्रतिसाद (विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर)
आपण सहा रंग निवडलेत हे वाचून मला फार आनंद झाला, कारण वेबच्या निअरकॅम या कॅमेऱ्याच्या ज्या छायाचित्राविषयी आपण बहुधा लिहीत आहात, तेही सहा फिल्टरांमधूनच घडले आहे. तो प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही; कमी तरंगलांबीच्या फिल्टरांना निळ्या-हिरव्या आणि जास्तीच्या फिल्टरांना लाल, नारिंगी, पिवळ्या छटा देऊन ते चित्र तयार केलेले आहे. म्हणजे सुमारे ७,६०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या ढगांचे रंग कुणीतरी विचारपूर्वक ठरवले आहेत, आणि श्रेय आकाशाला नव्हे, तर त्या माणसांना द्यायचे आहे. मूळ निरीक्षणेही खुल्या संग्रहात मिळतात, त्यामुळे आपल्याला स्वतःची रंगसंगतीही उभारता येईल.

प्रश्नकर्ता
आपल्या दोघांचेही मनापासून आभार. मी तयार केलेला ग्राफही त्याच परवान्याखाली खुला करावा लागेल का?

प्रतिसाद (कायद्याचा अभ्यासक)
तशी सक्ती या परवान्यात नाही, तो निर्णय सर्वस्वी आपला आहे. मूळ छायाचित्राचे श्रेय मात्र ग्राफसोबतही राहिले पाहिजे.

प्रश्नकर्ता
मग ग्राफ खुला करतो. मोराच्या वेळी मला राग आला होता तो न विचारल्याचा, विणल्याचा नव्हे. श्रेयाची ओळ लेबलवर न छापता काठातच विणणार आहे. आज बारा चौकोन उंचीची अक्षरे काढून पाहिली, तर वेलांटी शिरोरेषेत मिसळून गेली, त्यामुळे काठ रुंद करून अठरा चौकोनांवर पुन्हा काढतो आहे.